सीन एकेचाळीस, ओळ तीन

"ऐका," पलीकडचा माणूस म्हणाला. मग फोनमधून एका बाईचा आवाज आला. "तुमच्यासंगं माझ्यानं आता राहनं व्हायचं न्हाई. माझा जीव दुसरीकडं लागलाय. काय करायचं ते करा."

मग पुन्हा तो माणूस. "ह्यो माझ्या बायकोचा आवाज हाय. तुमच्या नंबरवरून तिच्या फोनवर आलाय. तुमच्यापाशी कसा आला, तेवढं सांगा."

सकाळचे आठ वाजले होते. मी परभणी जिल्ह्यातल्या बोरीत शूटिंगच्या घरापुढे उभा होतो, एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात फोन. आवाज मी लगेच ओळखला, कारण तो मीच रेकॉर्ड केला होता. आणि मला हसू आलं. फोनवर चक्क हसलो. ती माझी दुसरी चूक. पहिली मी दोन आठवड्यांपूर्वीच करून ठेवली होती.

"हसायला काय झालं?" एवढं विचारून त्याने फोन ठेवला.

मी सिनेमात आवाजाचं काम करतो. साऊंड रेकॉर्डिस्ट म्हणतात. पुष्कळांना वाटतं, आवाज कॅमेऱ्यातच येतो. कॅमेरा फक्त बघतो, ऐकायचं काम आमच्या माइकचं आणि रेकॉर्डरचं. मूळचा मी पालमचा, शिक्षण परभणीत, आणि गेली पंचवीस वर्षं पोट पुण्यात. स्वभाव तापट आहे. हे लिहितानाही राग उतरलेला नाही, तेव्हा भाषा कुठे वाकडी झाली तर समजून घ्या.

सिनेमा होता नवरा-बायकोतल्या संशयाचा. नवरा बाहेरगावी कामाला, बायको खेड्यात. तो महिन्यातून दोन दिवस येतो, तिचा फोन तपासतो, प्रश्न विचारतो. दोघांत बोलण्यासारखं दुसरं काही उरत नाही. शेवटी ती इतकी वैतागते की खोटंच सांगून टाकते, हो, माझं मन दुसरीकडे आहे. दिग्दर्शकाचं नाव अद्वैत. पुण्यातला, पस्तिशीचा, हुशार. बाईच्या मौनावर तासभर न थांबता बोलू शकायचा.

स्क्रिप्टमधली भाषा मात्र कुठल्याच गावाची नव्हती. कुठे पुणेरी पुस्तकी, कुठे कोल्हापूरची फोडणी, कुठे टीव्हीवरच्या मालिकेची. पहिल्याच वाचनाला मी म्हणालो, परभणीत असं कोणी बोलत नाही. मग तुम्हीच शिकवा, अद्वैत म्हणाला. पण माझी बोली पुण्यात झिजून गेलेली. आणि बायकांचं बोलणं निराळं असतं, ते पुरुषाने शिकवू नये.

ती बाई आपोआप सापडली. सविता. बोरीतच राहणारी, डीएड झालेली, शिक्षिकेची नोकरी काही लागली नाही, म्हणून घरी शिलाई मशीन आणि संध्याकाळी मुलांच्या शिकवण्या. नायिकेची ब्लाउजं तिच्याकडे दिली होती. ती मापं घ्यायला आली तेव्हा नायिका मुंबईच्या जिभेने संवाद पाठ करत होती. सविता टाचण्या तोंडात धरून ऐकत होती. टाचण्या काढल्या आणि म्हणाली, "असं न्हाई म्हणत, मॅडम." नायिकेने विचारलं, मग कसं? सविताने म्हणून दाखवलं. मी दारात उभा होतो. त्याच दिवशी ठरलं की नायिकेचे सगळे संवाद आधी सविताच्या आवाजात घ्यायचे.

याला आमच्या धंद्यात गाइड ट्रॅक म्हणतात. जाणकार माणूस ओळी बोलतो, नट त्या कानात घालून घोकतो, शिकतो. शिकून झालं की त्या आवाजाचं काम संपलं. तो सिनेमात येत नाही. ज्याचा आवाज आहे तो माणूस पडद्यावर दिसतही नाही. हे नीट ध्यानात ठेवा, पुढे सगळं यावरच अडलं.

आणखी एक शब्द सांगतो, स्लेट. दर ओळीच्या आधी मी रेकॉर्डरवर बोलतो, "सीन एकेचाळीस, ओळ तीन, टेक एक." हा त्या आवाजाचा पत्ता. पत्ता नसलेलं वाक्य कोण, कुणाला, कशासाठी बोललं, ते नुसतं ऐकून सांगता येत नाही.

रविवारी शाळेची एक खोली मिळाली. आवाज घुमू नये म्हणून सविताने घरच्या चार गोधड्या आणल्या आणि खिडक्यांना बांधल्या. मला वाटलं होतं, ती वाचेल आणि मी रेकॉर्ड करीन. तसं झालं नाही. ती दर ओळीला अडायची. कागदावरची ओळ एकदा वाचायची, तोंड वाकडं करायची, मग दोन-तीन तऱ्हेने म्हणून बघायची आणि नेमकी जमली की मान हलवायची. संशय हा शब्द तिने पहिल्याच तासात काढून टाकला. "संशय पेपरात असतोय, सर. घरात वहीम असतोय." पंचवीस वर्षांत इतक्या मनापासून काम करणारी माणसं मी बोटावर मोजण्याइतकी पाहिली.

आता माझी पहिली चूक. नायिकेने तक्रार केली की दर ओळीआधी माझा घोगरा आवाज येतो, मूड जातो. अद्वैत म्हणाला, कापून टाका. मी कापला. स्लेट कापली. सविताचं अडणं, खोकणं, हसणं, पुन्हा म्हणून बघणं, सगळं कापलं. नुसती स्वच्छ ओळ ठेवली. अशा सगळ्या ओळी नायिकेला पाठवल्या. नायिका दिवसातून चारदा फोन करून विचारायची, अमुक ओळीत हेल कसा. म्हणून त्याच ओळी सविताच्या फोनवरही पाठवल्या. माझ्या नंबरवरून.

सविताचा नवरा बालाजी जेसीबी चालवतो. तेव्हा त्याचं काम पालमकडे रस्त्यावर चालू होतं, पंधरा दिवसांनी घरी यायचा. बायकोने फोनवर सांगितलं होतं, सिनेमावाल्यायला आपली बोली शिकवायलेय. तो बरं म्हणाला होता. त्या खेपेला घरी आला, तिचा फोन हातात घेतला. का घेतला ते मला आजही माहीत नाही आणि विचारायची इच्छाही नाही. एक क्लिप लावली. व्हॉट्सॲपवर एक संपली की दुसरी आपोआप सुरू होते. पहिली तुम्ही वर वाचलीच. दुसरी अशी: "ते गावाला गेलेत. आज या तुमी. दार उघडंच हाय." सिनेमात हे ती आपल्या थोरल्या भावाला म्हणते, कारण भावाचं आणि नवऱ्याचं पटत नसतं. पण क्लिपमध्ये भाऊ नव्हता. सिनेमाच नव्हता. होता फक्त तिचा आवाज, तोही एका परक्या पुरुषाच्या नंबरवरून आलेला. बालाजीला वाटलं, हे कॉल रेकॉर्डिंग आहे. मी तिच्याशी बोलायचो, नवऱ्याला काय सांगायचं ते ती मला म्हणून दाखवायची, मी ते टेप करून ठेवलं आणि आता तिला धमकावायला पाठवतोय.

तिने त्याला सगळं खरं सांगितलं. त्याने विचारलं, मग सिनेमात तू कुठं दिसणार? ती म्हणाली, दिसणार न्हाई. मग आवाज तरी तुझा येणार का? तोही न्हाई. मग ज्यात तू नाहीस आणि तुझा आवाजही नाही, त्याच्यासाठी तुझा आवाज घेतला कशाला? प्रश्न खुळा नाही, हे मी कबूल करतो. आमचं काम बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. पण प्रश्न विचारणं वेगळं आणि त्याने पुढे जे केलं ते वेगळं.

त्याने तिचा फोन काढून घेतला. चुलते किसनआबांना क्लिपा ऐकवल्या. मग भावकीतल्या चौघांना. मग आणखी चौघांना, स्पीकरवर, दारात उभं राहून. तिला चुलीला हात लावू दिला नाही. चुडाव्याला, तिच्या माहेरी, भावाला निरोप धाडला की गुरुवारी सकाळी बैठक आहे, या आणि बहिणीला घेऊन जा. बैठक म्हणजे दोन्हीकडच्या माणसांनी बसून फारकत द्यायची. सोमवारी दुपारी कॉस्च्युमच्या ताईंनी मला हे सांगितलं, आणि सकाळचं माझं ते हसणं आठवून मला माझीच लाज वाटली.

तसाच अद्वैतकडे गेलो. सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "बापरे. ही तर आपलीच फिल्म आहे."

मला वाटलं, पुढे म्हणेल चला, आपण जाऊन सांगू. तो म्हणाला, त्या बैठकीत एक छोटा कॅमेरा नेता येईल का, ते बघा. लोकांना कळणार नाही असा. शेवटच्या सीनला असं काही मिळालं तर सोनं होईल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणालो, त्या बाईचं घर मोडायला निघालंय आणि तुला शॉट सुचतोय? तो म्हणाला, तुम्ही फार पर्सनली घेताय, सर. त्यावर मी जे बोललो ते छापण्याजोगं नाही.

मग मला वाटलं, स्क्रिप्टचं पान दाखवलं की मिटेल. छापील संवाद, वर सीन नंबर, आणखी काय पुरावा पाहिजे? मंगळवारी सकाळी ते पान घेऊन बालाजीच्या घरी गेलो. माणूस अंगाने दणकट, आवाज खाली. मला बसा म्हणाला नाही, पण जा असंही म्हणाला नाही. सविता आतल्या दाराशी उभी होती. मी पान पुढे केलं. त्याने बोट ठेवून वाचलं, मोठ्याने, शाळेतल्यासारखं. "मला आता तुझ्याबरोबर राहणं शक्य नाही. माझं मन दुसऱ्या कुणात तरी गुंतलंय. तुला वाट्टेल ते कर."

मग त्याने फोन काढला आणि क्लिप लावली. तुमच्यासंगं माझ्यानं आता राहनं व्हायचं न्हाई. माझा जीव दुसरीकडं लागलाय.

"कागदावर एक हाय आन् ही बोलायली दुसरंच," तो म्हणाला. "ह्ये पाठ केलेलं न्हाई, सर. ह्ये तिचे सोताचे शब्द हायत. अकरा वर्षं झाली लग्नाला, मला तिचं बोलनं वळखू येतंय."

माझ्याकडे उत्तर होतं. हो, ते तिचेच शब्द होते. तेच तर तिचं काम होतं. कागदावरचं मेलेलं वाक्य तिने जिवंत केलं होतं, आणि ते इतकं जिवंत झालं की नवऱ्याने ते खरं धरलं. तिने वाईट काम केलं असतं, कागद तसाच्या तसा वाचला असता, तर ती त्या क्षणी सुटली असती. मी हे त्याला समजावून सांगायला लागलो. तो मध्येच म्हणाला, तुमी तर तिचीच बाजू घेणार. तुमच्या फोनवरूनच आलंय. सविता दारातून माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात विनवणी नव्हती, राग होता. तो माझ्यावरही होता.

परत येताना गाडीत डोक्यात प्रकाश पडला. मी कापलं होतं ते सविताला पाठवायच्या प्रतीतून. मूळ रेकॉर्डिंग, ज्याला आम्ही रॉ म्हणतो, ते तसंच होतं. आमच्याकडे नियम आहे, रॉला कात्री लावायची नाही. त्यात माझी स्लेट असणार, तिने वाचलेली कागदावरची ओळ असणार, आणि त्या ओळीची तिची ओळ कशी झाली तेही असणार. लॉजवर जाऊन हेडफोन लावले. सगळं होतं.

अडचण एकच. रॉ ही निर्मात्याची मालमत्ता असते. काम सुरू करताना आम्ही गुप्ततेच्या करारावर सही करतो की सिनेमातला एक शब्दही बाहेर ऐकवणार नाही. प्रॉडक्शनच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, सीन एकेचाळीस हा क्लायमॅक्स आहे, तो तुम्ही गावाच्या बैठकीत वाजवणार? मी म्हणालो, तो गावात आधीच वाजलाय, दारोदार वाजलाय, फक्त अर्धा. त्या म्हणाल्या, त्यांच्या घरगुती भानगडीत प्रॉडक्शन पडणार नाही. आणि फाइल बाहेर गेली तर पुढच्या कामाला तुम्हाला बोलावणार नाही. मी म्हणालो, भानगड त्यांची नाही, आपण त्यांच्या घरात नेऊन ठेवलीय. त्यांनी हात जोडले आणि संभाषण संपवलं.

गुरुवारी मी शूटिंगला सुट्टी टाकली नाही. न सांगताच कामावर गेलो नाही. रेकॉर्डर, लॅपटॉप आणि एक छोटा स्पीकर घेऊन दहा वाजता किसनआबांच्या घरी पोहोचलो. पुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये सतरंजी टाकलेली. बारा-तेरा पुरुष बसलेले. मधोमध किसनआबा, साठीचे, टोपी गुडघ्यावर. एका कडेला सविताचा भाऊ, पहाटेच्या गाडीने आलेला, मान खाली घालून. तो बहिणीला न्यायच्या तयारीनेच आला होता. हे खरं का, असं त्याने तिला विचारलंही नव्हतं. सविता खांबाला टेकून उभी. ज्या बाईचा फैसला चालला होता तिला बसायला कोणी जागा केली नव्हती.

मी किसनआबांना नमस्कार केला आणि म्हणालो, पाच मिनिटं द्या, एक ऐकवायचंय. मग हेडफोन काढून बालाजीपुढे धरले. त्याने एकट्याने ऐकावं, नवरा-बायकोचं आहे, चारचौघांत कशाला, असं मला वाटलं. स्वतःला मी फार समजूतदार समजत होतो.

"न्हाई, सर," सविता म्हणाली. सगळ्यांनी वर बघितलं. "तवा सगळ्यायला ऐकवलं. आताबी सगळ्यायला ऐकवा."

मी स्पीकर जोडला. "दार उघडंच हाय" ही ओळ आधी लावली, ती भावाला म्हणायची आहे असं मी सांगतो तेही त्यात होतं; मग ही.

आधी माझा घोगरा आवाज. सीन एकेचाळीस, ओळ तीन, टेक एक. मग कागदाची सळसळ आणि सविता, शाळेतल्या बाईसारखी: "मला आता तुझ्याबरोबर राहणं शक्य नाही. माझं मन दुसऱ्या कुणात तरी गुंतलंय." मग थांबली. मग हसली. "असं कोन बोलतंय, सर? नवऱ्याला कुनी तू म्हनत न्हाई आमच्यात. आन् मन गुंतलंय काय? लोकरीचा गुंडा हाय का?" माझं हसणं. मग तिने एकदा म्हणून बघितलं, नाही जमलं. पुन्हा म्हणाली, "मन न्हाई, जीव. जीव लागतोय मानसाचा." आणि मग ती ओळ, जी त्या शेडमधल्या प्रत्येकाने आठवडाभर ऐकली होती. तुमच्यासंगं माझ्यानं आता राहनं व्हायचं न्हाई.

इथेच बंद करायला पाहिजे होतं. पुरावा झाला होता. पण रॉ पुढे चालूच राहिलं आणि माझा हात पोहोचेपर्यंत सविताचा आवाज पुन्हा आला, आता सहज, काम संपल्यावर गप्पा मारतात तसा. मी तिला विचारलं होतं की असं बोलताना तुम्हाला घरचं काही वाटत नाही ना. ती म्हणाली होती, "छे ओ. आमचे मालक वहीम घेनाऱ्यातले न्हाईत. ते लय साधे हायत."

मी बटण दाबलं.

बालाजी सतरंजीची किनार चिमटीत धरून बसला होता. सविताच्या भावाने डोळे पुसले. मग किसनआबांनी टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले, झालं की मग. गैरसमज व्हता, मिटला. आणि आत वळून चहा टाकायला सांगितलं. सगळी शेड एकदम सैल झाली. कुणी बिडी काढली, कुणी पावसाचं विचारलं. एका बाईचं अकरा वर्षांचं घर मोडायला जमलेली माणसं पाच मिनिटांत चहाची वाट बघायला लागली. मला त्या क्षणी तिथला एकही माणूस आवडला नाही, मी धरून.

बालाजी माझ्याकडे बघून म्हणाला, "ह्ये आधीच ऐकवायचं व्हतं न्हवं, सर."

उत्तर सविताने दिलं. ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. "सहा दिस झालं, मी ह्येच सांगायलेय. शब्दाला शब्द ह्येच. माझ्या तोंडून आलं तवा खोटं व्हतं. डब्यातून आलं आन् खरं झालं. त्यातबी आधी सरांनी नंबर सांगितला तवा." मग ती पुढे आली, बालाजीच्या शर्टाच्या खिशातून आपला फोन स्वतःच्या हाताने काढून घेतला आणि शेडबाहेर गेली. चहा आला तेव्हा ती तिथे नव्हती.

मी वायरी गुंडाळून गाडीपाशी आलो तर ती भावाला सांगत होती, तू जा. भाऊ म्हणत होता, चल चार दिवस. ती म्हणाली, माझी मशीन इथं हाय, गिऱ्हाइकं इथं हायत, शिकवनीची पोरं इथं हायत. मी कामून जाऊ? तो गेला. मग ती माझ्याकडे वळली.

मी माफी मागितली. स्लेट मी कापली, सगळं माझ्यामुळे झालं, असं म्हणालो. तिने नाही म्हटलं नाही. म्हणाली, "त्यातलं एक वाक्य खोडायचं हाय, सर."

कोणतं, असं मी विचारलं खरं, पण मला कळलं होतं.

"आमचे मालक वहीम घेनाऱ्यातले न्हाईत, ते. ते खोटं हाय. माझ्या आवाजात खोटं राहू देऊ नका."

रॉला कात्री लावायची नाही हा नियम मी वर सांगितलाच आहे. पंचवीस वर्षांत तो कधी मोडला नव्हता. गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडला आणि तिच्यासमोर ते वाक्य कापलं. तिने पुन्हा सुरुवातीपासून वाजवायला लावलं, शेवटपर्यंत ऐकलं, खात्री करून घेतली. मग म्हणाली, बरं, आणि घराकडे निघाली. बालाजी तिच्या मागून दहा पावलं अंतर ठेवून चालत होता.

पुढचं थोडक्यात. शुक्रवारी सविता सेटवर आली आणि नायिकेकडून सीन एकेचाळीस घोकून घेतला, काहीच झालं नाही अशा कोरड्या चेहऱ्याने. नायिकेने तो दोन टेकमध्ये दिला. युनिटमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला शेड्यूल संपेपर्यंत ठेवलं, कारण परभणीत दुसरा रेकॉर्डिस्ट मिळेना, आणि नंतरच्या कामाला बोलावलं नाही. सिनेमा पूर्ण झाला. जिथे दाखवतात तिथे लोक अद्वैतला विचारतात, खेड्यातल्या बाईच्या मनातलं तुम्हाला इतकं कसं कळलं? तो डोळे मिटतो आणि उत्तर देतो. शेवटी नावांची लांब पट्टी येते, तीत सविताचं नाव नाही. ऋणनिर्देश, समस्त ग्रामस्थ, बोरी, एवढं आहे. समस्त ग्रामस्थांमध्ये त्या शेडमधले तेराही जण आले.

सविता त्याच घरात राहते. बालाजी पंधरा दिवसांनी येतो, जातो. दोघं कसे आहेत ते मी विचारत नाही. गेल्या वर्षी दुसऱ्या एका युनिटला इकडची बोली हवी होती, मी तिचं नाव सुचवलं, तिने अट घातली की पट्टीवर नाव पाहिजे, आणि ते आलं. ती आता घरूनच फोनवर ओळी रेकॉर्ड करून पाठवते. स्लेट माझ्या आवाजात नसते. ती स्वतःच म्हणते, दर ओळीआधी, एकही न चुकवता. "सीन बारा, ओळ पाच, टेक एक. बोलनार सविता, बोरी. ह्ये बोलनं सिनेमातलं हाय."

नव्या नटांना ते लांबलचक वाटतं, मूड जातो म्हणतात. जाऊ दे. नवीन रेकॉर्डिस्टना मी सांगतो की स्लेट कापू नका, आणि ओळ जिची आहे तिलाच स्लेटही म्हणू द्या.